सनईच्या वाटेने बनारस: बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या गल्ल्यांतून अर्धा दिवस

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला गंगा, उजवीकडे वर आलमगीर मशिदीची उंच भिंत आणि समोर चार पावलांवर बालाजी घाट. हा घाट पेशव्यांच्या काळातला, पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेला. इथल्या बालाजी मंदिराच्या देवडीत एक मुलगा रोज सनईचा रियाज करायला यायचा. त्याचे घर हडहा सराय नावाच्या मुसलमान वस्तीत, इथून पायी अर्ध्या तासावर. आपल्याकडे लग्नघरात पाहुणे यायच्या आधी, रांगोळी अर्धी काढून झालेली असताना जी सनई लावली जाते, ती पुष्कळदा त्याचीच असते.

आपली माणसे काशीला जातात, पंचगंगेवर स्नान करतात, बिंदुमाधवाचे दर्शन घेतात आणि या देवडीवरून पुढे निघून जातात. आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही असेच पुढे गेलो. घरी परतल्यावर कळले की आपण कुठून चाललो होतो, आणि ती चुटपुट इतकी लागली की दोन वर्षांनी फक्त एवढ्यासाठी पुन्हा गेलो. त्यानंतरही काही वेळा ही वाट चाललो. त्या चालण्यातून ठरत गेलेला हा क्रम आहे. चालणे चार-पाच किलोमीटरचे, वेळ अर्धा दिवस. ज्यांना गाण्यातले काही कळत नाही असे वाटते त्यांनीही हे करावे, कारण पायांना जे कळते ते कानांना आपोआप कळू लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही वाट घरापासून मंदिराकडेच चालायची, उलटी नाही. घाटावरून सुरुवात केली तर ती चार प्रेक्षणीय स्थळांची फेरी होते. घराकडून निघालात तर ज्या आवाजांतून, वासांतून आणि बोळांतून तो मुलगा रोज जात होता त्यांतून तुम्हीही जाता, आणि शेवटी गंगा एकदम समोर उघडते. ते उघडणे हा या वाटेचा गाभा आहे.

निघण्याआधी

ऋतू नीट निवडा. जुलै ते सप्टेंबर टाळाच. गंगेला पाणी चढले की घाटांच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही आणि होड्याही बंद ठेवतात. दुसऱ्या वेळी मी ऑगस्टच्या अखेरीस गेलो होतो. पंचगंगेच्या वरच्या पायऱ्यांपर्यंतच जाता आले, खाली सगळे पाणीच पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मात्र डिसेंबर-जानेवारीत धुके पडते आणि गाड्या तासन् तास उशिरा येतात. त्या महिन्यांत परतीच्या गाडीच्या दिवशी ही फेरी ठेवू नका. एप्रिलमध्ये ऊन कडक असते, पण तेव्हा हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरात रात्र-रात्र चालणारा संगीत समारोह असतो. खाँसाहेब तिथेही वाजवत. तो साधता आला तर उन्हाचा त्रास सोसावा.

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस, पुण्याहून ज्ञानगंगा या नेहमीच्या गाड्या. वाराणसी जंक्शनला तिथले लोक ‘कँट’ म्हणतात. रिक्षावाल्याला वाराणसी स्टेशन सांगण्यापेक्षा कँट सांगा. ज्ञानगंगा मात्र पुढच्या ‘बनारस’ नावाच्या स्टेशनापर्यंत जाते. हे पूर्वीचे मंडुवाडीह. तिकीट काढताना ही दोन नावे नीट बघा.

सामान फार नको. पाण्याची बाटली, सहज काढता-घालता येतील अशा चपला (आज किमान दोन ठिकाणी त्या काढाव्या लागतील), दर्ग्यात डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी, आणि इअरफोन. फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायच्या गोष्टी चार. एक, खाँसाहेबांची भैरवी, कुठलीही, लांबीची. दोन, व्ही. जी. जोग यांच्या व्हायोलिनबरोबरची जुगलबंदी. आपल्या मराठी कलावंताबरोबर खाँसाहेब कसे खेळीमेळीने वाजवतात ते त्यात ऐकू येते. तीन, विलायत खाँसाहेबांच्या सतारीबरोबरची चैतीची धून. चार, रसूलनबाईंची एखादी ठुमरी. गल्ल्यांमध्ये नेटवर्क दगा देते, म्हणून उतरवून ठेवायला सांगतो आहे. आणखी एक कळकळीची विनंती, चालताना इअरफोन लावू नका. कुठे बसून काय ऐकायचे ते त्या-त्या ठिकाणी सांगेन.

पहिला टप्पा: बेनियाबाग आणि हडहा सराय

सकाळी सहा-साडेसहाला बेनियाबागेपाशी उतरा. हे ठिकाण सगळ्या ई-रिक्षावाल्यांना ठाऊक आहे. बागेच्या शेजारी नई सडक, आणि तिच्यापासून आत हडहा सराय.

बिस्मिल्ला खाँ जन्माने बनारसचे नव्हेत. २१ मार्च १९१६ ही त्यांची जन्मतारीख सांगितली जाते आणि गाव बिहारमधले डुमराव. घराणे सनईवाल्यांचे, वाडवडील डुमरावच्या दरबारात वाजवणारे. लहानपणीच ते बनारसला मामांकडे आले. मामा अली बक्ष हे विश्वनाथ मंदिराचे सनईवादक. आपल्याकडे गुरव-घडशी समाजात जसा देवळातल्या चौघड्याचा वारसा चालत येतो तसाच हा प्रकार. देवळाची सेवा हेच घरचे काम. घर शिया मुसलमानांचे, सेवा विश्वनाथाची आणि बालाजीची, आणि त्या घरात यात काही वेगळे घडते आहे असे कुणाला वाटत नव्हते.

हडहा सरायमध्ये शिरलात की कुणालाही ‘उस्ताद का घर’ विचारा. ‘कौन उस्ताद’ असे मला अजून कुणी विचारलेले नाही. भारतरत्न मिळाल्यावरही ते याच मोहल्ल्यात राहिले. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची साधी खोली होती आणि गावात फिरायला सायकल रिक्षा. हा किताब त्यांना २००१ साली मिळाला, त्याच वर्षी लता मंगेशकरांनाही.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. घरात आजही कुटुंबीय राहतात. दार ठोठावून ‘आत बघू द्या’ म्हणू नका. कुणी आपणहून बोलावले तर जरूर जा, नाहीतर समोरच्या कडेला दोन मिनिटे उभे राहून पुढे निघा. खिडक्या-दारांतून फोटो नकोत, सकाळची वेळ म्हणजे बायकांच्या धुण्याभांड्यांची वेळ. या घराने खाँसाहेबांमागे बरेच सोसले आहे. २०१६च्या अखेरीस इथून त्यांच्या सनया चोरीला गेल्या. त्यांतल्या चांदीच्या सनया वितळवल्या गेल्याचे तपासात निघाले. २०२०मध्ये त्यांच्या खोलीची पाडापाडी सुरू झाल्याची बातमी आली आणि देशभर हळहळ झाली. इतक्या मोठ्या माणसाचे घर सरकारने वेळीच स्मारक म्हणून राखायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

दुसरा टप्पा: दालमंडी

हडहा सरायमधून नई सडकेकडे न वळता दालमंडीच्या गल्लीत शिरा. नई सडक आणि चौक यांना जोडणारी ही गल्ली साधारण सहा-साडेसहाशे मीटरची. तिच्या रुंदीकरणासाठी घरे-दुकाने पाडायचे काम २०२५मध्ये सुरू झाले, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा ती किती उरली असेल ते बघूनच चला. कुठे रस्ता बंद असेल तर नई सडकेवरून गोदौलिया आणि तिथून चौक असा वळसा घ्यावा लागेल.

सकाळी दुकाने मिटलेली असतात, आणि तेच बरे. दुपारी इथे तयार कपडे, मोबाइलचे सामान, खेळणी, बांगड्या यांच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी मान वर करून चालता येते. वरच्या मजल्यांकडे बघा. जिथे जुने सज्जे आणि लाकडी कठडे उरले आहेत तिथे एके काळी गाणाऱ्या बायकांचे ‘कोठे’, म्हणजे गाण्याच्या माड्या, होत्या. ठुमरी, दादरा, चैती, कजरी हे बनारसचे गाणे या माड्यांवर वाढले. बालाजीला रियाजासाठी जाताना रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जाणारी वाट खाँसाहेब मुद्दाम धरत. त्यांचे गाणे कानावर पडावे म्हणून. गाण्याची पहिली गोडी त्या दोघींमुळे लागली, हे ते पुढे भर मुलाखतींत सांगत.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सनईला शब्द नसतात, पण खाँसाहेबांच्या सनईत बोल ऐकू येतात. ठुमरीत एखाद्या शब्दाला गाणारी बाई जशी थांबते, वळवते, सोडून देते, पुन्हा जवळ घेते, तसे त्यांचे सूर वागतात. मामांनी फुंक शिकवली आणि दालमंडीच्या सज्जांनी बोल शिकवले, असे मी स्वतःपुरते समजतो. म्हणून या गल्लीतून घाईने जाऊ नका. मध्येच कुठे चहाची टपरी उघडलेली असेल, तिथे कुल्हडमधला चहा घ्या आणि रसूलनबाईंची एखादी ठुमरी फोनवर हळू आवाजात लावा. ती संपेपर्यंत तिथेच थांबा. पुढे बालाजीपाशी भैरवी ऐकताना हा चहा आठवेल.

तिसरा टप्पा: चौक, ठठेरी बाजार, चौखंबा

दालमंडी संपते ती चौकात. समोरचा मोठा रस्ता डावीकडे मैदागिनला आणि उजवीकडे गोदौलियाला जातो. रस्ता ओलांडून पलीकडे ठठेरी बाजाराची गल्ली धरा. ठठेरी म्हणजे आपले तांबट. पितळेची-तांब्याची भांडी आणि देवांच्या मूर्ती ठोकणाऱ्यांची ही पेठ. पुण्यातली तांबट आळी पाहिली असेल तर आवाजावरूनच ओळख पटेल.

न्याहारी इथेच करा. राम भांडारची कचोरी-भाजी आणि जिलबी सकाळीच खायची, नऊ-साडेनऊनंतर सगळे थंड होत जाते. थंडीच्या दिवसांत गल्लीत ‘मलइयो’ विकणारे बसलेले असतात. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, तोंडात धरला की विरून जातो. ऊन चढले की संपतो. खाँसाहेबांना कचोरीचे वेड होते. कुलसुम नावाच्या एका हलवाईणीच्या दुकानाची आठवण ते सांगत, कढईतल्या कडकडीत तुपात कचोरी सोडताना होणाऱ्या ‘छन्न’ आवाजातसुद्धा त्यांना आरोह-अवरोह ऐकू यायचे. राम भांडारच्या कढईशेजारी उभे राहून हा आवाज ऐकून बघा. कचोरी तुपात पडते तेव्हा आवाज एकदम चढतो, मग ती फुगत जाते तसा उतरत-उतरत बारीक होतो.

पुढे हीच वाट चौखंब्याला जाते. हिंदी साहित्यिक भारतेंदु हरिश्चंद्रांचे घर आणि गोपाल मंदिर याच भागात. आज आत जायचा मोह आवरा, वेळ बालाजीसाठी राखा.

इथून पुढे फोनवरचा नकाशा फारसा कामाचा नाही. बोळ इतके अरुंद आणि घरे इतकी उंच की निळा ठिपका एका गल्लीवरून दुसऱ्या गल्लीवर उड्या मारतो. विचारत-विचारत जा. ‘बालाजी मंदिर’ असे विचारलेत तर कुणी भलतीकडेच पाठवेल, माझ्या बाबतीत तसेच झाले आणि अर्धा तास गेला. ‘मंगला गौरी किधर पड़ेगा?’ असे विचारा. मंगळागौरीचे हे देऊळ बालाजी घाटाला लागूनच आहे आणि श्रावणात नवविवाहित मुलींची तिथे रीघ लागते, त्यामुळे ते आबालवृद्धांना माहीत असते. वाटेत सांड आला तर भिंतीला पाठ लावून त्याला जाऊ द्या. पायाखाली बघून चला, दगडी फरशी दवाने किंवा शेणाने निसरडी असते.

चौखंब्याच्या पुढे जसजसे नदीजवळ येता तसतशा दारांवरच्या पाट्या आणि कानावर पडणारी आडनावे ओळखीची वाटू लागतात. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट हा पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांचा भाग. पेशवाईत इथे अग्निहोत्री आले, वैदिक आले, कारभारी आले. तशी काशीशी आपली नाळ त्याच्याही आधीची, एकनाथ महाराजांनी भागवतावरची टीका पूर्ण केली ती याच नगरीत. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. पंचगंगेवरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा, तो कार्तिकी पौर्णिमेला पेटतो. तेव्हा बिहारमधून आलेला सनईवाल्यांचा मुलगा रोज सकाळी दालमंडीची ठुमरी ऐकत निघायचा आणि मराठी आळीतून उतरून पेशवेकालीन देवळात पोचायचा. ज्या सनईला आपण मंगलकार्याचा आवाज मानतो ती या वाटेवर घडली आहे.

चौथा टप्पा: बालाजी घाट

इथे किमान तासभर द्या.

बोळाच्या शेवटी पायऱ्या खाली उतरतात आणि इतका वेळ डोक्यावर पट्टीएवढे दिसणारे आभाळ एकदम मोकळे होते. खाली गंगा, पलीकडे वाळूचा सपाट किनारा. घाट पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळचे ऊन थेट तोंडावर येते. चप्पल काढून आधी बालाजीचे दर्शन घ्या. मग पुजारी किंवा सेवेकरी असतील त्यांना नम्रपणे विचारा की उस्ताद कुठे बसत. वरच्या मजल्यावर किंवा नौबतखान्याकडे, म्हणजे नगारखान्याकडे, जायला मिळेलच असे धरून चालू नका. बांधकाम जुने आहे, जिथे नको म्हणतील तिथे पाऊल घालू नका.

देवडी हा शब्द आपल्याकडेही आहे. वाड्याच्या दरवाजातली पहारेकऱ्यांची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा. सनई पूर्वी तिथलेच वाद्य होते. राजवाड्याच्या दिंडीदरवाजावर, देवळाच्या नगारखान्यात, वरातीच्या पुढे. मैफलीच्या बैठकीत तिला जागा नव्हती. खाँसाहेबांनी तिला उचलून बैठकीत आणले. १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत त्यांचे वादन गाजले. ऑगस्ट १९४७मध्ये, स्वातंत्र्याच्या वेळी, लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली, २६ जानेवारी १९५०ला पुन्हा. आणि १९५९ साली ‘गूंज उठी शहनाई’ आला तेव्हा पडद्यावरच्या नायकाची सनई त्यांची होती, संगीत आपल्या वसंत देसायांचे.

हे किती अवघड होते ते वाद्य हातात घेतल्याशिवाय कळत नाही. बनारसमध्ये एका वादकाने मला स्वतःची सनई जवळून दाखवली होती. लाकडी नळी, वर बारीक आणि खाली रुंद होत गेलेली, टोकाला धातूचा पेला. वरच्या टोकाला पत्ती, म्हणजे नरकटाच्या बोरूसारख्या काडीची चपटी केलेली जोडजीभ, करंगळीच्या नखाएवढी. डुमरावच्या बाजूला शोण नदीच्या काठी हे नरकट उगवते. त्यांनी आधी ती पत्ती तोंडात धरून मिनिटभर भिजवली, मग उजेडाकडे धरून पाहिली, चाकूने कडेचा केसभर भाग खरवडला, पुन्हा भिजवली, नुसतीच वाजवून पाहिली. बदकासारखा आवाज आला. अजून एकदा खरवडली. नळीला दोऱ्याने आणखी तीन पत्त्या आणि एक सुई लटकत होती, ऐन वेळी पत्ती फाटली तर बदलायला. या नळीला बासरीसारखी नुसती छिद्रे, कळ एकही नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे, मींड काढायची, तर बोट छिद्रावरून किंचित उचलायचे, ओठाचा दाब बदलायचा आणि फुंकही त्याच क्षणी सांभाळायची. तिन्हींतले एक चुकले की सूर फाटतो. भर थंडीत, नदीवरच्या वाऱ्यात तासन् तास हे करायचे म्हणजे काय, ते या पायऱ्यांवर बसल्यावर समजते.

खाँसाहेब स्वतः एक हकिकत सांगत. मामांनी बजावले होते की रियाज करताना काही दिसले तर कुणाला बोलायचे नाही. एकदा पहाटे देवळात वाजवत असताना अत्तराचा दरवळ आला आणि समोर साक्षात बालाजी उभे दिसले. मुलगा धावत मामांकडे गेला, सांगू लागला, आणि मामांनी खाडकन मुस्काटात दिली. सांगायचे नाही म्हटले होते ना! ही हकिकत मी या जागी बसून कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. त्या थपडेत मामांचा अविश्वास नव्हता. जे दिसले ते सुरातून येऊ दे, तोंडातून नको, एवढेच त्यांना म्हणायचे असावे.

आता इअरफोन लावा आणि भैरवी ऐका. पहिली दोन-तीन मिनिटे सोडून देऊ नका, तिथेच सगळे आहे. मुख्य सनईच्या मागे एक सनई नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून असते, आपल्या सनई-चौघड्यातला सूर धरणारा असतो तसा. तो सूर एकदा पकडला की त्याच्या अंगाखांद्यावर खाँसाहेब काय खेळतात ते दिसू लागते. तालाला बऱ्याचदा तबल्याऐवजी खुर्दक ऐकू येईल, तबल्याहून ठेंगणी आणि आवाजाने मोकळी जोडी.

त्यांना परदेशातून कायमचे येऊन राहायची बोलावणी आली होती. गंगा, बालाजी आणि विश्वनाथ तिकडे कुठून आणणार, असे त्यांचे उत्तर असायचे. बनारसबाहेर असले तर थोडा वेळ का होईना, विश्वनाथ आणि बालाजी ज्या दिशेला असतील तिकडे तोंड करून बसत आणि सनई त्या दिशेला फिरवत. हे सारे ऐकायला गोष्टीसारखे वाटते. इथे बसल्यावर ते अगदी सरळ वाटते.

पाचवा टप्पा: घाटाघाटाने दशाश्वमेधापर्यंत

बालाजीपासून दक्षिणेकडे घाटांवरून चालत दशाश्वमेध साधारण दीड किलोमीटर. रामघाट, नागपूरकरांचा भोसले घाट, शिंदे घाट आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यात कललेले रत्नेश्वर मंदिर, मग मणिकर्णिका. मणिकर्णिकेवर फोन खिशात ठेवा, फोटो अजिबात काढू नका, आणि ‘लाकडासाठी दान’ मागत मागे लागणाऱ्यांना हात जोडून पुढे चला. आईवडील थकले असतील तर बालाजी किंवा पंचगंगेवरून होडी करा, भाव आधी ठरवून.

विश्वनाथाचे दर्शन घ्यायचे असेल तर इथून घ्या. देवळापासून गंगेपर्यंतचा नवा कॉरिडॉर २०२१ साली खुला झाल्यापासून घाटाच्या बाजूनेही आत जाता येते. फोन, इअरफोन सगळे लॉकरमध्ये ठेवावे लागते. आतले जुने बोळ गेले, त्यामुळे मामांच्या काळाचा अंदाज बांधणे कठीण. एवढे लक्षात ठेवा की देवळासमोरचा नौबतखाना १७८५ साली वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून इब्राहिम खाँ नावाच्या अधिकाऱ्याने बांधवला होता. देवाच्या दारातली नौबत आणि मुसलमान घरे यांचा संबंध बनारसमध्ये असा जुना आहे.

शेवटचा टप्पा: फातमान

गोदौलियाहून ई-रिक्षा करून सिगरा भागातल्या दरगाह-ए-फातमानला जा. गर्दी नसेल तर पंधरा-वीस मिनिटे. हे शियांचे पवित्र स्थान आणि कब्रस्तान. डोके झाका, आवाज खाली ठेवा. शुक्रवारी दुपारची वेळ टाळा.

मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत खाँसाहेब सनईवर राग वाजवत नसत. फक्त आठव्या तारखेला, उभ्याने, दालमंडीपासून फातमानपर्यंत पायी चालत ते शोकाचा नौहा वाजवत, डोळ्यांतून पाणी वाहत असे. म्हणजे सकाळी आपण जिथून निघालो तिथूनच त्यांची आणखी एक वाट सुटते आणि ती इथे येते. एक वाट बालाजीकडे, एक फातमानकडे, दोन्हींवर तीच सनई. मोहरमच्या दिवसांत जाणार असाल तर मिरवणुकीत कडेने उभे राहा, मध्ये शिरू नका, फोटोसाठी कुणाला थांबवू नका.

२१ ऑगस्ट २००६ रोजी खाँसाहेब गेले. लष्कराने २१ तोफांची सलामी दिली. इथे कडुनिंबाखाली त्यांना दफन केले, त्यांच्यासोबत एक सनईही ठेवली. कबर कोणती ते राखणदाराला विचारा, तो दाखवेल. फुले न्यायची असतील तर गुलाबाची बाहेरूनच घेऊन जा. अगरबत्ती लावायची का, ते आधी विचारून घ्या.

चैतीची धून राखून ठेवली होती ती इथे ऐका, इअरफोनवर, बाकावर किंवा झाडाच्या सावलीत बसून. दुपारी दोनच्या सुमारास इथे फारसे कुणी नसते. निंबाची पाने गळत असतात आणि झाडणाऱ्याचा खराटा मधूनमधून ऐकू येतो. परतीला सिगऱ्याहून कँट स्टेशन जवळच आहे, संध्याकाळची गाडी सहज मिळते.